मी लताबाई बोलते, पाणी आलंय

माझी भाची तनुजा नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं एक लेख लिहिला, 'पहिल्या हॅकॅथॉनमधून आम्ही काय शिकलो', आणि तो तपासायला माझ्याकडे पाठवला. मी लातूरला मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण माझ्या बहिणीच्या मते एकदा बाई म्हटलं की तिला सगळेच विषय येतात. लेखात मुद्दे होते. टीममध्ये एकमेकांचं ऐकावं, वेळेचं नियोजन करावं, परीक्षकांसमोर थोडक्यात बोलावं, डोकं शांत ठेवावं. आणि पार खाली एक ओळ होती: 'चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांची गल्लत होऊ देऊ नये.'

मी लेखाला दहापैकी चार दिले. त्या एका ओळीत पोरीनं आमची अख्खी गल्ली कोंबली होती आणि नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. तिला लाज वाटत असणार, ते मला कळतं. पण अशा ओळीतून कुणी काही शिकत नाही. शिवाय मला त्या तीन पोरांचं कौतुक वाटतं आणि ते मला सांगायचंय, म्हणून झालं ते मीच लिहिते.

आधी आमच्या नळाचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, त्याला वाटेल तेव्हा. गल्ली उतारावर आहे आणि माझं घर उताराच्या तळाला, त्यामुळे पाणी आधी माझ्या नळाला येतं आणि मग हळूहळू वरच्या घरांना चढतं. म्हणून कितीतरी वर्षांपासून गल्लीला पाणी आल्याचं सांगायचं काम माझ्याकडे आहे. मला कुणी नेमलेलं नाही. पाणी आधी दिसतं ते सांगणार नाही तर काय करणार? बायका कामावर असतात, त्यांना घरी येऊन मोटर लावायची असते, पिंपं भरायची असतात. मी एकेकीला फोन करते. सगळ्यात आधी तुळजाबाईंना, कारण त्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये कामाला जातात आणि त्यांना यायला वेळ लागतो. मग दीपमालाला, तिचं चौकात ब्यूटी पार्लर आहे. मग बाकीच्यांना.

माझा फोन गेला आणि पाणी आलेलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. आमचे अनंतराव मला चिडवतात की तुझ्या फोनवर पाणीसुद्धा घाबरून येत असेल. शाळेत मला कधी आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला नाही, आणि ज्यांना मिळाला त्यांच्याबद्दल मला बरंच बोलता येईल, पण ते राहू दे. माझ्या एका शब्दावर गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून निघतात, याचा मला त्या पुरस्कारापेक्षा जास्त अभिमान होता.

तर तनुजाचा फोन आला की लातूरच्या एका कॉलेजात हॅकॅथॉन आहे आणि आम्ही तिघं तुझ्याकडे मुक्कामाला येतोय. हॅकॅथॉन म्हणजे दोन दिवसांत कॉम्प्युटरवर काहीतरी उपयोगी बनवून दाखवायची स्पर्धा, हे तिनं मला समजावून सांगितलं. अशा स्पर्धेत रात्रभर जागतात म्हणे. या कॉलेजनं मात्र संध्याकाळी हॉलला कुलूप लावून पोरांना झोपायला घरी पाठवायचं ठरवलं होतं, आणि तेवढ्यावरून त्या कॉलेजबद्दल माझं मत चांगलं झालं.

तिघं एसटीनं आली, बॅगा आणि वायरींची भेंडोळी घेऊन. तनुजाबरोबर मालविका होती, नांदेडचीच, बोलायला तरतरीत, वडील बँकेत. आणि एक उमरीकडचा मुलगा, मृत्युंजय, शेतकऱ्याच्या घरातला. उंच, काटकुळा, आणि बोलायचं म्हटलं की आधी बुटांकडे बघणारा. त्याला हाक मारेपर्यंत ताटातली पोळी गार व्हायची, म्हणून पहिल्याच जेवणाला मी त्याचं मृत्या करून टाकलं. त्याला ते आवडलं असावं, कारण त्यानं तिसरं धपाटं मागून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांना हॉलवर पोचायला उशीर झाला, तो माझ्यामुळे. मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, आणि खाल्ल्याशिवाय कुणी माझ्या घरातून बाहेर पडत नाही. ती पोचली तोवर प्लगजवळची टेबलं सगळी गेली होती आणि त्यांना बाथरूमच्या दारापाशी बसावं लागलं. लेखातला वेळेच्या नियोजनाचा मुद्दा कुणाला उद्देशून आहे, हे मी ओळखलंय.

त्यांनी नांदेडहून डोक्यात आणलेली कल्पना अशी होती, की सोयाबीनच्या पानाचा फोटो काढायचा आणि फोननं रोग ओळखायचा. हॉलवर गेल्यावर कळलं की तिथली निम्मी पोरं तेच करणार आहेत. दुपारी तिघं जेवायला घरी आली ती तोंडं पाडूनच. मालविका म्हणत होती नाव काढून घेऊ या. तनुजा म्हणत होती पहिल्याच वेळी पळून जायचं नाही. मृत्या जेवत होता.

मी त्यांना वाढून पुन्हा नळासमोर जाऊन बसले. पाण्याला दहा दिवस उलटून गेले होते, म्हणजे आता ते कधीही येणार होतं. अशा दिवसांत मी नळ उघडा ठेवून खाली घागर ठेवते, पाण्याआधी जी हवा येते तिचा आवाज ऐकू यावा म्हणून. तनुजानं हे लहानपणापासून पाहिलंय, तिला त्याचं काही वाटलं नाही. मृत्यानं मात्र हात धुता धुता विचारलं, की पानी आल्यावर सगळ्यांना फोन लावायला तुमाला किती येळ लागतो.

मी म्हटलं, बराच लागतो. कुणाचा फोन व्यस्त असतो, कुणी उचलत नाही, कुणी उचलून सुनेची तक्रार सांगायला लागतं. यादीत जी शेवटी असते, ती घरी पोचते तेव्हा कधीकधी पाणी जायच्या बेतात असतं. मला ते नेहमी लागून राहतं, पण मी तरी एकटी किती पुरणार?

मालविका म्हणाली व्हॉट्सॲपवर ग्रुप करा. मी म्हटलं आहे की, त्यावर रोज पहाटे फुलं येतात आणि नंतर दिवसभर तो कुणी उघडत नाही. मिलमध्ये यंत्राजवळ उभी असलेली बाई मेसेज वाचत नसते. फोन वाजला तर मात्र पदराला हात पुसून उचलते.

"मग फोनच जाऊ दे ना," तनुजा म्हणाली. "सगळ्यांना एकदम. तू फक्त बटण दाबायचं. आणि फोनवर तुझाच आवाज."

उष्टी ताटं तशीच टाकून तिघं कामाला लागली. मला पलंगावर बसवून माझा आवाज रेकॉर्ड केला. पहिल्यांदा मी म्हणे हजेरी घेतल्यासारखं बोलले, दुसऱ्यांदा कुणी वारल्यासारखं. तिसऱ्यांदा जमलं: मी लताबाई बोलते, पाणी आलंय, लवकर या. अनंतराव म्हणाले, निवृत्तीनंतर हिला दोनदा बोलायची सोय झाली, एकदा तोंडानं आणि एकदा मशीननं.

संध्याकाळी मी पोरांना घेऊन घरोघर गेले. कुणाचाही नंबर त्याला न विचारता घालायचा नाही, अशी माझी अट होती. कुठं चहा झाला, कुठं चिवडा. दीपमाला तर लगेच तयार झाली, तिला नवं काहीही चालतं. तुळजाबाई नुकत्याच मिलमधून आल्या होत्या, केसांवर डाळीची पूड तशीच होती. दारातच उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीनच फोन करनार का, असं विचारलं. मी म्हटलं, मशीन करेल, पण आवाज माझा असेल.

"तुमचा आवाज आसंल तर घाला माजा लंबर," त्या म्हणाल्या.

दुसरा दिवस धावपळीत गेला. त्यांनी दोन याद्या केल्या होत्या, एक सरावाची आणि एक गल्लीची. सरावाच्या यादीत त्या तिघांचेच नंबर. करून बघायचं असलं की ती निवडायची. गल्लीच्या यादीत सगळी गल्ली, शिवाय मी आणि अनंतराव, म्हणजे फोन गेल्याचं आम्हालाही कळावं. हे सगळं मी त्यांच्याकडून नंतर नीट समजून घेतलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की पोरं भराभरा टाइप करतायत, भांडतायत आणि मी दिलेल्या डब्याला हात लावत नाहीयेत.

दुपारी परीक्षकांसमोर सगळं दाखवायचं होतं. तनुजानं हट्ट धरला की मावशीनं यायचंच, आवाज तिचा आहे. मी नारायणपेठी नेसले, नळासमोर अनंतरावांना खुर्ची टाकून बसवलं, पाणी आलं तर फोनवरचं हे बटण, असं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि रिक्षानं कॉलेज गाठलं. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. 

मालविकानं सुरुवात केली आणि फार छान केली. लातूरच्या माणसाला पाणी या विषयावर जागं करावं लागत नाही. हॉलमधली कुजबुज थांबली. मग तनुजानं माझी गोष्ट सांगितली, की माझी मावशी एकेकीला फोन करते आणि शेवटची बाई राहून जाते. ती म्हणाली, लोक मेसेजवर विश्वास ठेवत नाहीत, माणसावर ठेवतात, म्हणून आम्ही आवाज बदलला नाही. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, तिचं तिनंच शोधलं होतं. मला डोळे पुसावे लागले.

मधल्या खुर्चीतले परीक्षक म्हणाले, बोलणं चांगलं आहे, पण फोन खरंच जातो का ते दाखवा. मृत्या पुढे झाला, त्यानं बुटांकडे बघितलं आणि बटण दाबलं.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. उचलला तर मीच बोलत होते. मी लताबाई बोलते, पाणी आलंय, लवकर या. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघून हसली, टाळ्या पडल्या. मला वाटलं, नेमकं याच वेळी पाणी आलं आणि अनंतरावांनी बटण दाबलं. मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, पाणी कसं काय आहे, धार मोठी आहे का.

"पाणी कुठलं?" ते म्हणाले. "तुझाच फोन आला की, पाणी आलंय म्हणून. मी नळाकडंच बघत बसलोय, थेंब नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा फोन मृत्याच्याच बटणानं आला होता. त्यानं सरावाची यादी निवडलीच नव्हती, सकाळी नंबर तपासताना उघडलेली गल्लीची यादी तशीच राहिली होती, हे नंतर कळलं. मला फोन आला म्हणजे तुळजाबाईंनाही गेला होता, दीपमालालाही, सगळ्यांनाच. इतकी वर्षं जे कधी झालं नव्हतं ते माझ्या आवाजात झालं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मी उठून पुढे गेले. परीक्षक तनुजाला विचारत होते की यातून तुम्ही पैसे कसे कमावणार. मी स्टेजच्या कडेला उभी राहून तिला खूण केली, मग हळूच सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती म्हणाली, "मावशी, जरा थांब, एवढे प्रश्न संपू दे."

मला राग आला. तिच्या वयाचा विचार करता ते साहजिक होतं, पहिली स्पर्धा, समोर परीक्षक, नुकत्याच टाळ्या पडलेल्या. तरी आला. मी म्हटलं, "तिकडं तुळजाबाई मिलमधून निघाल्या असतील."

 मग तिनं माइक तोंडाशी धरला आणि सगळ्या हॉलला सांगितलं की आत्ता जो फोन गेला तो चुकून खऱ्या माणसांना गेला आहे, पाणी आलेलं नाही, आणि आम्हाला आधी ते निस्तरायला हवं, तुमच्या प्रश्नांचं उत्तर नंतर देऊ. परीक्षक म्हणाले की वेळ थांबवता येणार नाही. ती म्हणाली, चालेल सर. या एका वाक्याला मी तिला दहापैकी दहा देते.

पण निस्तरणार कसं? गेलेला फोन परत घ्यायची सोय त्यांनी केलीच नव्हती. मालविका म्हणाली, ते आपण नंतर करणार होतो ना. मृत्या पुन्हा पुन्हा ती यादी उघडून बघत होता. तनुजा म्हणाली, मी रेकॉर्ड करते, चूक आमच्याकडून झाली म्हणून सांगते. मी म्हटलं, तुझा आवाज कोण ओळखतं? अनोळखी पोरगी बोलायला लागली की बायका कर्जाची जाहिरात समजून फोन ठेवतील. तो फोन माझ्याकडे दे.

तिथंच स्टेजच्या पायरीवर बसून मी बोलले. मी लताबाई बोलते. पाणी आलेलं नाही. मघाचा फोन चुकीचा होता. चूक माझी आहे, कामावरून निघू नका.

"चूक तुझी का म्हणतेस?" तनुजानं विचारलं. तिला रडू येत होतं.

"आवाज कुणाचा होता?" मी म्हटलं.

तो फोन सगळ्यांना गेला तसे आम्ही चौघं रिक्षात कोंबून घरी निघालो. निकालापर्यंत थांबायचं कुणाच्या मनातही आलं नाही. रिक्षात मृत्या पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मावशी, मला उतरवा, मी उमरीला जातो." मी त्याचा दंड धरून ठेवला, पार गल्ली येईपर्यंत सोडला नाही.

गल्लीत माझ्या दारापुढेच बायका जमल्या होत्या. दीपमाला हसत होती, पण चिडूनच. एका गिऱ्हाइकाची एक भुवई करून झाली होती आणि दुसरी तशीच ठेवून ती धावत आली होती. ती बाई आता चौकात आरशासमोर बसून शिव्या देत असणार, असं तिनं आम्हाला ऐकवलं. आणखी दोघीतिघी दुसरा फोन यायच्या आत घरी येऊन पोचल्या होत्या. मी प्रत्येकीची माफी मागितली. माणूस म्हटलं की होतं, असं सगळ्या म्हणाल्या. मला ते ऐकवत नव्हतं. माझ्याकडूनही चूक होते, हे त्यांना आता ठाऊक झालं होतं.

तुळजाबाई आपल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर तशीच. मी जवळ गेले आणि विचारलं, दुसरा फोन मिळाला नाही का.

"मिळाला की. रिक्षात होते. परत फिरून काय करू बाई, मुकादमानं आर्धी हजेरी मांडली बी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि मला राग चालला असता.

मृत्या माझ्यामागून पुढे आला. बुटांकडे न बघता, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, बाईंची काई चुकी न्हाई. बटन मी दाबलं."

तुळजाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लेकरा, तुजं बटन मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "मला बाईचा आवाज ठावं हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता फिरून तुमचा फोन आला तर म्या काय समजू, तेवडं सांगा."

 जन्मभर फळ्यासमोर उभी राहिलेली बाई मी, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं. मी नुसती मान हलवली आणि घरी आले.

संध्याकाळी त्यांच्या नांदेडच्या सरांचा फोन आला. पहिलं बक्षीस पानांचे फोटो ओळखणाऱ्या पोरांना मिळालं होतं. आमच्या पोरांना नुसतं भाग घेतल्याचं प्रमाणपत्र. परीक्षकांमधल्या एक बाई सरांना म्हणाल्या होत्या, की सांगितलेलं मागे घ्यायची सोय आधी करायची असते आणि सांगायची नंतर, हे या मुलांना आता कुणी शिकवायला नको. मृत्यानं तोवर ते ॲप पुसूनच टाकलं होतं. मालविका त्यावर त्याच्याशी भांडली, तनुजा भांडली नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, मावशी, तू आता हातानं फोन केलास तरी लोक शंका घेणार ना? मी म्हटलं, काही नाही गं, बायका विसरतात.  खोटं बोलायची मला सवय नाही, तिला लगेच कळलं असणार.

खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटत होतं. पोरांचा राग येत नव्हता, ती बिचारी चुरमुऱ्याच्या ताटासमोर मान खाली घालून बसली होती आणि मला त्यांची माया येत होती. वाईट एवढंच वाटत होतं, की जे इतकी वर्षं सांभाळलं ते परत कसं मिळवायचं हे मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना नांदेडची गाडी पकडायची होती. मी जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. दुपारी ताटं वाढत होते तेव्हा नळातून हवेचा आवाज आला. मग भसकन पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ.

अनंतराव खुर्चीतून उठले. पोरं पानावरून उठली. मी फोन हातात घेतला आणि मला तो लावता येईना. नेहमी पहिला फोन तुळजाबाईंना. त्या उचलतील का? उचलून ठेवून देतील का? दिवसाची अर्धी हजेरी कालच गेली होती, आज पुन्हा मुकादमाला काय सांगतील? मी सांगितलं आणि त्या आल्या नाहीत, तर पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या घरात पाणी नाही, आणि ते माझ्यामुळे.

तनुजानं काही विचारलं नाही. ती मालविकाला घेऊन बाहेर धावली आणि दोघी दारोदार कडी वाजवत निघाल्या. घरी असणाऱ्यांना त्या सांगत होत्या, पाणी आलंय, स्वतः येऊन बघा. मृत्या तुळजाबाईंच्या दाराकडे गेला. घराला कुलूप होतं, पण त्यांची पिंपं बाहेर ओट्याखाली असतात. त्यानं बाह्या वर केल्या आणि ती आतून घासायला घेतली. त्या येवोत न येवोत, आमच्या नळाचं पाणी आणून तो ती भरणार होता. नांदेडच्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

मी तुळजाबाईंना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, मागे मिलची घरघर, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. हॅलोसुद्धा नाही.

"तुळजाबाई, मी लता. मीच बोलतेय, मशीन नाही," मी म्हटलं. "पाणी आलंय."

तिकडून नुसती घरघर. 

"थांबा, तुम्हाला ऐकवते," मी म्हटलं. "नळाजवळ धरते फोन. तुमचं तुम्हीच ऐका, मग ठरवा." आणि मी वाकून फोन खरंच धारेजवळ नेला.

फोनमधून त्या काहीतरी बोलत होत्या. मी फोन परत कानाला लावला.

"नका ऐकवू बाई," तुळजाबाई म्हणत होत्या. "काल आलं न्हाई, ते बी तुमीच फोन करून सांगितलं. आज आलं म्हणताव, तर आलं. निघालेच म्या."